तुडुमाची भेग

साकोलीहून शेवटच्या बसनं आली प्रणोती.
मांडीवर थर्मास, थर्मासात बर्फ,
बर्फात करंगळीएवढी कुपी
आणि कुपीत पिवळसर, लाळेसारखं काहीतरी.
चार वर्षांचं काम, म्हणाली.
माय म्हणाली, "एवढंसंच?"

आमच्याकडे चिकटवायला काय कमी आहे?
धावड्याचा डिंक आहे, पळसावरची लाख आहे.
डोंग्याच्या भेगांत बा डांबर भरतो,
पण आधी डोंगा काठावर ओढून
तीन दिवस उन्हात वाळवतो.
ओल्याला काही धरत नाही.
पाणी मधे शिरतं,
ठरत आलेल्या सोयरिकीत शेजारी शिरावा तसं.

प्रणोती सांगत होती, माय तांदूळ निवडत होती.
समुद्रात एक शिंपला असतो, निळाकाळा.
लाटा फुटतात त्याच खडकावर घर करतो.
पायानं खडक चाचपतो,
पाय दाबून पाणी बाजूला सारतो,
मग त्या पोकळीत आपला रस सोडतो.
पाच मिनिटांत रसाचा धागा.
लाट मग किती का आपटेना.
"तो रस आम्ही जिवाणूंकडून करवून घेतो.
ते करतात, पण एक टाका राहून जातो,
तो आम्ही मागाहून घालतो.
दगडाला धरतो तो टाकाच.
हवा लागली की मात्र
चिरलेल्या वांग्यासारखा काळा पडतो,
मग नीट धरत नाही."

मायनं सुपातून मान वर केली.
"पाय हाये त्याले?"
"हो. एकच."

माय तळ्यातले शिंपले पायानंच शोधते.
कमरभर पाण्यात, गाळात बोटं रुतवत,
डोळे भलतीकडेच, पारावरच्या मोहाकडे.
टाचेला कड लागली की वाकते.
दुसऱ्या दिवशी टोपलीभर काढून ठेवले तिनं,
लेकीच्या कामासाठी.
प्रणोती जरा वेळ टोपलीकडे बघत राहिली.
"माय, आपल्यावाल्यांत तो रस नसतो.
लहानपणी काहींना एक धागा असतो, केसाएवढा.
मोठे झाले की सोडून देतात."
"बरं," माय म्हणाली, "मंग रस्सा करू."

तुडुमाचा दगड दोन वर्षांपासून झिरपतो आहे.
बानं दम धरून बुडी मारली,
हातात कवेलूची खापरी आणि पिचकारी.
वर आला तेव्हा खापरी मुठीतच.
"नाही धरत."
प्रणोतीनं वहीत वेळ लिहिली, पाण्याचं तापमान लिहिलं,
'नाही धरत' हेही लिहिलं.
कुपीत आता अर्धंच उरलं होतं.

माय काठावर लुगडं खोचत होती.
"शेवाळ पुसलं का?"

प्रयोगशाळेत काच नेहमी स्वच्छ असते.

माय उतरली. काथ्या घेऊन, मग नुसत्या टाचेनं
दगड घासला, गंज घासावा तसा,
खाली न बघता.
"सोड आता."
बानं सोडलं, खापरी टेकवली,
आणि माय तिच्यावर पाय दाबून उभी राहिली.
पाच मिनिटं सांगितली होती.
तिनं बरीच जास्त धरली.
मधे एकदा जांभई दिली.

पाय काढला. खापरी जागच्या जागी.
बा पलीकडे पाटात हात घालून बसला.
"कमी झालं," म्हणाला. थोड्या वेळानं, "जरासं."
वहीत लिहिलं गेलं : कमी. जरासं.

सोमवारी प्रणोती गेली.
मायच्या टाचेच्या भेगेत एक थेंब राहून गेला.
वजरीनं घासला, निघेना,
तेव्हा नाद सोडला.
आज तिसरा रविवार.
"अजून आहे?" फोनवरून प्रणोती.
माय बल्बाखाली पाय उलटा करून पाहते.
"हाये ना."
"काळा पडला?"
"थोडा."